मूठमाती : फोटोखाली हा शब्द लिहावा का?

घरातल्या एका अल्बमसाठी मदत हवी आहे. माझे थोरले चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, काश्मीरमध्ये त्यांना वीरमरण आले. आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नाही. गडहिंग्लज भागात आमच्याच शेतात त्यांना माती दिली. त्या दिवसाचे सात फोटो काकांनी पाकिटात जपून ठेवले होते. आता काका नाहीत, आणि पुतणी ते फोटो मोठे करून, खाली एकेक ओळ लिहून अल्बम करते आहे.

सहाव्या फोटोत पेटीवरचा तिरंगा काढून घडी घालत आहेत (तो खड्ड्यात जाऊ देत नाहीत, घरच्यांकडे देतात). सातवा काकूंचा. त्या खड्ड्याशी वाकल्या आहेत, कुणीतरी दंडाला धरले आहे, मनगटापर्यंत माती, बांगड्यांत अडकलेली ढेकळे स्पष्ट दिसतात. मागे जवान शोकशस्त्र करून उभे. फोटोच्या पाठीवर काकांनी बॉलपेनने एकच शब्द लिहिलाय : मूठमाती.

पुतणी म्हणते, "हा शब्द नको. 'तत्त्वांना मूठमाती दिली' म्हणतात ना? आपण काकाला टाकून दिलं असं वाटतं." ती 'दफनविधी' लिहू म्हणते. मला ते परके वाटते. काय लिहावे?

प्रतिसाद १ :
शब्दाचा मूळ अर्थ तुमच्या फोटोत आहे तोच. देह खाली ठेवल्यावर जवळच्या माणसांनी मूठभर माती घालायची, ती मूठमाती. त्यावरून पुरून टाकणे, कायमचे सोडून देणे हा अर्थ आला, आणि मथळ्यांतून तोच इतका फिरला की मूळ अर्थ लोकांना आठवेनासा झाला. तिलांजलीचेही असेच. तीळ घातलेले पाणी मृतासाठी ओंजळीने सोडायचे, ती तिलांजली. आज मात्र 'शिक्षणाला तिलांजली' एवढेच ऐकू येते. ज्या कृतीत माणसाबद्दलची सगळी माया असते, तिचेच नाव आपण बेपर्वाईला दिले, याचे मला फार वाईट वाटते.

पण एक बघा. लाक्षणिक अर्थ येतो तिथे आधी 'प्रथेला', 'नियमांना', 'तत्त्वांना' असे काहीतरी असते. आधी माणूस आला की अर्थ सरळच राहतो. म्हणून शब्द बदलू नका, कोणाच्या हातची ते लिहा. 'आईच्या हातची मूठमाती' वाचून कुणाच्याही मनात टाकून देणे येणार नाही.

प्रतिसाद २ :
सहमत. आमच्या साताऱ्याकडे दहन असले तरी "मातीला जाऊन आलो", "माती किती वाजता आहे?" असेच म्हणतात. शेजारच्या मुसलमान घरातही "माती दिली". 'दफनविधी' चुकीचा नाही, पण तो बातमीतला शब्द आहे.

'पार्थिव'ही फोटोखाली नको. ते मुळात विशेषण, पृथ्वीचे ते पार्थिव, म्हणून चतुर्थीला बसवतो तो मातीचा गणपती पार्थिव गणपती. अर्थ सुंदर आहे, पण "पार्थिव गावात दाखल" असे घरचे कुणी बोलत नाही. घरचे म्हणतात, "त्याला आणलं."

प्रतिसाद ३ :
वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे असा फोटोच नाही. माझे मोठे काका 1971 च्या लढाईत गेले. तेव्हा बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीच्या जवळपासच होत. आमच्या घरी तार आली, मागाहून ट्रंक आली. देह गावी आणण्याची रीत रुळली ती 1999 च्या कारगिल युद्धापासून. आजीने भिंतीवर लावला तो ट्रंकेतला गणवेशातला छोटा फोटो, मोठा करून घेतलेला. कोपऱ्यावर अर्धा शिक्का आहे, तोही त्याच्यासोबत मोठा झालाय. शेवटपर्यंत ती म्हणायची, "लेकराला माझ्या हातची माती नाही लागली." मोठे झाल्यावर मला कळले की तिचे सगळे दुःख त्या एका वाक्यात होते. तुमच्या काकूंना ती माती देता आली. कृपा करून हा शब्द पुसू नका.

मूळ प्रश्न विचारणारा :
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद वाचून मला कळले की आम्ही काकूंनाच विचारले नव्हते. रविवारी गावी गेलो. काकूंनी चष्मा लावला, फोटो उलटा करून काकांचे अक्षर वाचले. बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "मूठ कुठली? दोन्ही हातांनी घातली मी. ओंजळ होती ती."

पुन्हा नीट पाहिले. दंडाला धरणाऱ्याच्या बाहीआड दुसरा हात आहे, फक्त बोटे दिसतात.

काकांचा शब्द तसाच ठेवला आहे. पुतणीने फोटोची पाठ स्कॅन करून डाव्या पानावर लावली, उजवीकडे फोटो. त्याखाली तिने ओळ लिहिली : 'आईने ओंजळीने माती दिली.'