जुनी शिडाची बोट (कॅटलिना २७) मार्गी कशी लावावी? – वॉशिंग्टन राज्य

समुद्रकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलच्या उत्तरेला एव्हरेटजवळ राहतो. माझ्या यजमानांची शिडाची बोट आहे, कॅटलिना २७, १९७८ सालची. मुलं लहान असताना घेतली होती. उन्हाळ्यात तिच्यातून सॅन वॉन बेटांकडे जायचो. गाठी मारायला, वारा ओळखायला मुलं तिच्यावरच शिकली.

यजमानांची बायपास झाली, गुडघे तर त्याआधीपासूनच गेले होते. धक्क्यावरून बोटीत पाय टाकणंही आता डॉक्टरांना नको आहे. मुलं लांब राहतात आणि दोघांनाही बोट नको आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं.

बोटीची अवस्था अशी: इंजिन अ‍ॅटॉमिक फोर, पेट्रोलवरचं, ते जाम आहे. आत बुरशी धरली आहे. पुढच्या बिछान्याच्या वर डेक पायाखाली दबतो आणि हिवाळाभर तिथून पाणी झिरपतं. मागे बोट वर काढली होती तेव्हा कीलच्या (बुडाखालच्या जड पात्याच्या) पुढच्या टोकाला आडवी चीर दिसली होती. मास्ट (डोलकाठी), बूम (शिडाखालची आडवी काठी) आणि शिडं मात्र चांगली आहेत, जेनोआ (पुढचं मोठं शीड) तर फारसं वापरलेलंच नाही.

जागेचं भाडं दर महिन्याला चालूच आहे. विमा कंपनी सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) केल्याशिवाय विमा पुढे चालू ठेवायला तयार नाही आणि विमा नसेल तर मरीनात जागा मिळत नाही. जाहिरात दिली, लोक बघून गेले, परत कोणी फिरकलं नाही. आता एक तरुण मुलगा फुकट मागतो आहे. घरभाडं परवडत नाही म्हणून त्याला बोटीत राहायचं आहे. मुलगा चांगला वाटला, मला त्याची काळजीही वाटते. यजमान म्हणतात, देऊन टाकू, कोणाच्या तरी कामी येईल. बोट मोडायचा विषय काढला की ते उठून आतल्या खोलीत जातात.

त्या मुलाला द्यावी का? दान करता येते का? मोडायचीच झाली तर काय काय करावं लागतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

बेलव्ह्यूकर

दान करा की. आमच्या ओळखीच्यांनी जुनी मोटार एका संस्थेला दिली, ते येऊन घेऊन गेले. बोटीही घेतात. वर टॅक्समध्ये वजावट मिळते.

निळाई

मला यातलं फारसं कळत नाही, पण खोल समुद्रात नेऊन बुडवता येत नाही का? जुनी जहाजं माशांसाठी बुडवतात असं वाचलंय. काकांनाही तुकडे करण्यापेक्षा जलसमाधी बरी वाटेल.

दर्यावर्दी_पीटी

ताई, मी पोर्ट टाउनसेंडला असतो. मर्चंट नेव्ही सोडल्यापासून इथल्या बोटयार्डांतच काम करतो. तुमच्या बोटीसारख्या बोटी मोडायला मी हात लावलेला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, त्या मुलाला ही बोट देऊ नका. मुलगा वाईट म्हणून नव्हे, बोट त्याला बुडवेल म्हणून. तुम्ही जी चीर सांगताय तिला कॅटलिनावाले ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. कील आणि बोटीचं बूड जिथे जुळतं तिथला सांधा हललाय, एवढा तिचा अर्थ. सुधारता येतो, पण कील धरून ठेवणारे बोल्ट कितपत गंजलेत ते सांधा उघडल्याशिवाय कळत नाही. त्यात या वयाच्या कॅटलिनांना पाण्याखाली बऱ्याचदा पितळी गेट व्हॉल्व्ह (पडदा वर-खाली करून पाणी बंद करायचे झडप) असतात. वरून चाक फिरतं, पण आतला पडदा हलतच नाही. त्याला जोडलेला जुना रबरी पाइप फुटला तर पाणी बंद करायचं साधनच नाही. आज तुमची बोट तरंगते आहे ती धक्क्यावरच्या विजेवर बॅटरी चार्ज होते आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा) चालतो म्हणून. तो पोरगा पैसे वाचवायला नांगर टाकून खाडीत राहणार. तिथे वीज नाही. डिसेंबरच्या पावसात आठवडाभरात बॅटरी बसेल, पंप थांबेल आणि डेकमधून झिरपणारं पाणी आत साचायला लागेल. मी अशा बोटी पहाटे फक्त मास्ट वर दिसणाऱ्या पाहिल्या आहेत. एकदा आत माणूसही होता. वाचला, पण गार पाण्याने अर्धमेला झाला होता.

कायद्याचंही सांगतो. या राज्यात परवानगीशिवाय एकाच भागात सलग ३० दिवस, किंवा वर्षात एकूण ९० दिवस बोट ठेवली की ती बेवारस धरता येते, आणि बोट बेवारस होऊ देणं हा गुन्हा आहे. टायटल (मालकीचा कागद) त्याने नावावर करून घेतलं नाही तर नोटीस तुमच्या दारात येणार. बुडालेली बोट काढायची म्हणजे पाणबुडे, क्रेन, तेल पसरू नये म्हणून कुंपण. जमिनीवर मोडायच्या कितीतरी पट खर्च.

बेलव्ह्यूकर, मोटारीचं गणित बोटीला लागू होत नाही. संस्था बोट घेते ती विकायला, न विकणारी बोट ती नाकारते. शिवाय वजावट ५०० डॉलरच्या वर मागायची तर संस्थेने ती जेवढ्याला विकली तेवढीच मिळते आणि त्याला १०९८-सी फॉर्म लागतो.

निळाई, तुमची भावना समजली. पण समुद्रात बुडवायचं तर ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) नियमाने किनाऱ्यापासून किमान १२ मैल लांब आणि किमान ३०० फूट खोल पाणी लागतं, तेही इंधन, तेल, वेगळं होणारं प्लॅस्टिक सगळं काढून आणि आधी कळवून. प्यूजेट साउंडमध्ये तर प्रश्नच नाही. जाळणं त्याहून वाईट. फायबरग्लास म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड. ते वितळवून परत वापरता येत नाही आणि जाळलं की विषारी काळा धूर. आमच्या रत्नागिरीकडे लाकडी होडी थकली की खिळे काढायचे, बऱ्या फळ्या गोठ्याला, उरल्या त्या चुलीला. फायबरचं तसं काही होत नाही, म्हणून तर जगभर खाड्यांत ही सांगाडी पडून आहेत.

आता काय करायचं ते. राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ नॅचरल रिसोर्सेसचा ‘व्हेसल टर्न-इन प्रोग्रॅम’ २०१४ पासून आहे. बोट ४५ फुटांच्या आतली हवी, मालक वॉशिंग्टनचा रहिवासी हवा, बोटीला किंमत उरलेली नसावी आणि मालकाला स्वखर्चाने तिची विल्हेवाट लावणं झेपणारं नसावं. अर्ज मंजूर झाला तर ते फुकट मोडून देतात. २०२२ च्या कायद्याने बोटींच्या एक्साइज टॅक्समधला २५ टक्के वाटा बेवारस बोटींच्या कामाकडे वळवला, त्यामुळे पूर्वीपेक्षा पैसा बरा आहे, तरी रांग असते. उत्पन्नाचे कागद जोडा, बायपासचा खर्चही लिहा. अर्ज आज करा आणि तोवर विमा अजिबात तुटू देऊ नका.

अर्ज नामंजूर झाला तर यार्डात मोडायची. पण त्याआधी बोट पाण्यात असतानाच तिच्यातलं चांगलं काढून घ्या. या बोटी हजारोंनी बनल्या आणि अजून हजारोंनी चालतात, त्यामुळे सुट्या भागांना गिऱ्हाईक आहे. विंच (दोर ओढायची चरखी), टिलर (सुकाणूचा दांडा), सागवानी फळ्या, खिडक्यांच्या चौकटी, चूल. अ‍ॅटॉमिक फोर बनायचं कधीच थांबलं, म्हणून जाम इंजिनाचाही कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड लोक शोधत असतात. जेनोआ टाकू नका, कॅटलिना २७ वाल्यांच्या गटात एका संध्याकाळी जाईल. मास्ट अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यावरचे स्टीलचे तुकडे काढून दिले तर भंगारवाला भाव वाढवून देतो.

खरा माल खाली आहे. या मॉडेलच्या कीलमध्ये २७०० पौंड शिसं आहे, सव्वा टनाच्या आसपास. शिशाला कायम भाव असतो. बोट उचलण्याचा, कचऱ्याच्या कंटेनरचा आणि डंपवरच्या वजनाचा बराच खर्च त्यातून निघतो. यार्डाशी बोलताना शिसं कोणाचं हे आधी लिहून घ्या. काही यार्ड ‘आम्ही मोडून देतो, शिसं आमचं’ म्हणतात. वाईट सौदा नसतो, पण तो माहीत असून केलेला बरा.

स्वतः कापायचा विचार मुलांच्या मनात आला तर थांबवा. बुडाला तांबं मिसळलेला रंग असतो आणि १९८८ च्या कायद्याआधीच्या थरांत कथिलाची विषारी संयुगं असू शकतात, ती पॉलिश पेपरने घासायची नसतात. कापताना काचेची धूळ गळ्यात, मनगटात शिरते आणि दोन-दोन दिवस टोचत राहते. आम्ही आधी अंगाला पावडर चोळतो आणि काम झाल्यावर पहिलं पाणी गारच घेतो.  यार्डात एक्स्कॅव्हेटरचा पंजा लावला की सत्तावीस फुटी बोट दुपारपर्यंत कंटेनरमध्ये असते.

काकांना त्या वेळी तिथे नेऊ नका. पण त्याआधी, बोट धक्क्यावर असताना, त्यांना खुर्ची टाकून बसवा आणि काय काढायचं ते त्यांनाच सांगू द्या. कुठला विंच कसा सुटतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? माझ्या अनुभवात मालकांना तो दिवस जड जातो, पण हातात काम असलं की निभावतं.

लारोशेलकर

आमच्याकडे फ्रान्समध्ये २०१९ पासून हे काम आपेर नावाच्या संस्थेकडे आहे. अडीच ते चोवीस मीटरपर्यंतची बोट फुकट मोडून देतात, मालकाने फक्त ती केंद्रापर्यंत पोचवायची. नव्या बोटीच्या किमतीत अंशदान घेतात, त्यातून हे चालतं. बनवणाऱ्यानेच शेवटाची सोय करायची, हे मला सगळ्यात योग्य वाटतं. अमेरिकेतही ऱ्होड आयलंडमध्ये जुन्या बोटींचा चुरा सिमेंटच्या भट्टीत वापरायचा प्रयोग झाला आहे. दर्यावर्दी, तुमच्या बाजूला तसं काही आहे का?

दर्यावर्दी_पीटी

आमच्या यार्डातून अजून सगळं डंपवरच जातं. मला ते रोज खुपतं.

समुद्रकाठची

दर्यावर्दीदादा, मनापासून आभार. तुमचं उत्तर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. गेट व्हॉल्व्हचं ऐकल्यावर ते म्हणाले, डाव्या बाजूचा मला फिरवून पाहू दे, तो कधीच पूर्ण बंद व्हायचा नाही. त्या मुलाला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि का ते सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं. चर्चमधल्या ओळखीने एक खोली भाड्याने आहे, तिचा पत्ता त्याला दिलाय, बघू.

टर्न-इनचा अर्ज भरायला घेतला आहे. रजिस्ट्रेशन यजमानांच्या नावावर आहे, तर उत्पन्नाचे कागद दोघांचे लावायचे की त्यांचेच? आणि लॉकरमध्ये मुदत संपलेले फ्लेअर (संकटात इशारा द्यायला पेटवायच्या नळ्या) सापडलेत, खोकंभर आहेत. ते कचऱ्यात टाकायचे नाहीत एवढं कळतंय, पण द्यायचे कुठे?

दर्यावर्दी_पीटी

कागद दोघांचे लावा, घरखर्च एकच असतो. पण अर्जावरच्या नंबरला फोन करून विचारून घ्या, तिथली माणसं नीट बोलतात. फ्लेअर कोरड्या जागी, पेट्रोलपासून लांब ठेवा आणि कौंटीच्या घातक कचरा केंद्राला आधी फोन करा. सगळीच केंद्रं ते घेत नाहीत. ते नाही म्हणाले तर अग्निशमन दलाला विचारा. न विचारता नेऊन ठेवू नका. बॅटऱ्या मात्र बहुतेक बॅटरीची दुकानं घेतात. आणि काकांना सांगा, डावा व्हॉल्व्ह बोट पाण्यात असताना फिरवायचा नाही. मोडला तर पाणी थेट आत.