‘मिड-इंजिन’ आणि ‘रिअर-इंजिन’ : मराठीत नेमके काय लिहावे?

प्रश्न

पोर्शे या जर्मन कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी ९११ घ्यावी की केमन, या विषयावरच्या एका दीर्घ लेखाचे मराठी रूपांतर सध्या मी करत आहे. मूळ लेखाचा सगळा युक्तिवाद एका भेदावर उभा आहे : ९११ ही ‘रिअर-इंजिन’ गाडी आहे आणि केमन ‘मिड-इंजिन’. पहिल्या मसुद्यात मी ‘मागचे इंजिन’ आणि ‘मधले इंजिन’ असे लिहिले. तो मसुदा भावाला वाचून दाखवला, तेव्हा त्याने लगेच विचारले, “मधले म्हणजे? हिला तीन इंजिने आहेत का?” त्याची शंका मला रास्त वाटली. मधला मुलगा, मधले बोट, मधली सुट्टी म्हणताना आपण अलीकडे एक आणि पलीकडे एक आहे हे धरूनच चालतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. केमनमध्येही इंजिन चालकाच्या पाठीमागेच असते, त्यामुळे ‘मागे इंजिन’ हे वर्णन मराठी वाचक दोन्ही गाड्यांना लावेल आणि लेखाचा मुद्दाच हरवेल. एका स्नेह्यांनी ‘पार्श्व-इंजिन’ हा शब्द सुचवला आहे, पण त्याविषयी माझी खात्री नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

शब्द शोधण्याआधी कशाच्या मागे आणि कशाच्या मध्ये हे ठरवले, तर निम्मे काम होते. येथे मोजमाप चालकापासून होत नाही आणि गाडीच्या लांबीवरूनही होत नाही, ते आसांपासून (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधल्या ॲक्सलपासून) होते. इंजिनाचा भार मागच्या आसाच्याही मागे असेल तर ती रिअर-इंजिन गाडी, आणि पुढचा व मागचा आस यांच्या दरम्यान असेल तर मिड-इंजिन. ९११ मध्ये गिअरबॉक्स पुढे आणि इंजिन आसाच्या मागे लोंबते, केमनमध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असतो. पोर्शेने २०१७ च्या हंगामासाठी ९११ आरएसआर ही शर्यतीची गाडी तयार केली, तेव्हा या दोन भागांची अशीच अदलाबदल केली आणि ‘९११’ नावाचीच गाडी मिड-इंजिन झाली. फ्रान्सच्या अल्पाइन ए११० चेही तसेच आहे : साठच्या दशकातली जुनी ए११० रिअर-इंजिन होती आणि २०१७ मध्ये त्याच नावाने आलेली नवी मिड-इंजिन आहे. म्हणून गाडीच्या नावावरून शब्द ठरवू नये, प्रत्येक वेळी आस पाहावा.

हा भेद केवळ व्याख्येपुरता नाही, हे कावडीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. कावडीच्या दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी घेऊन जागच्या जागी वळायला गेले, तर वळण सुरू करणे जड जाते आणि एकदा सुरू झालेले थांबवणेही जड जाते, पण त्याच घागरी छातीशी धरल्या तर माणूस सहज वळतो. पाठ्यपुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. मिड-इंजिन गाडीत सर्वांत जड भाग गुरुत्वमध्याजवळ असतो, म्हणून ती स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते, आणि चाकांची पकड सुटलीच तर गिरकीही तितक्याच चटकन घेते. ९११ मध्ये साधारण साठ टक्के भार मागच्या चाकांवर असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की ती चाके रस्त्याला घट्ट धरतात. वळणाच्या ऐन मध्यावर पाय अचानक उचलला, तर मात्र भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि टोकाला असलेले ते ओझे गाडीचे शेपूट बाहेर फेकू पाहते. जुन्या ९११ चालवणाऱ्यांना ही सवय अंगवळणी पाडून घ्यावी लागत असे. रुंद मागची चाके, सुधारलेले सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे यांमुळे आज ती भीती बरीच कमी झाली आहे.

निवड करणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक साधी गोष्ट आहे. इंजिन आसाच्या मागे गेल्यामुळेच ९११ मध्ये मागे दोन छोट्या सीट बसतात, तर केमनमध्ये ती जागा इंजिनाने घेतलेली असल्याने दोनच माणसे बसतात, पण सामानासाठी पुढे आणि मागे अशा दोन डिक्या मिळतात.

दुसरा प्रतिसाद

वरील व्याख्या आजच्या वापरापुरती पूर्णपणे बरोबर आहे, परंतु रूपांतर करताना जुना मजकूर समोर आला तर सावध राहावे लागेल, कारण खुद्द इंग्रजीतच हा भेद नेहमी असा पाळला जात नव्हता. जानेवारी १९५८ मध्ये शर्यतपटू स्टर्लिंग मॉस यांनी कूपर या ब्रिटिश कंपनीची गाडी घेऊन अर्जेंटिनाची ग्रांप्री जिंकली आणि पुढे १९५९ व १९६० मध्ये जॅक ब्रॅभम यांनी कूपरच्याच गाड्यांवर विश्वविजेतेपद मिळवले. फॉर्म्युला वनमधील या बदलाला त्या काळी आणि त्यानंतरही पुष्कळदा ‘रिअर-इंजिन क्रांती’ म्हटले गेले, वास्तविक त्या गाड्यांचे इंजिन चालकाच्या मागे पण आसाच्या पुढे होते. शर्यतीच्या जगात तोवर ‘पुढे की मागे’ एवढाच प्रश्न होता. एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाणारे, बैलांनी गाडी ओढायची असते, ढकलायची नसते, अशा आशयाचे म्हणणेही त्याच वादातले आहे. म्हणून त्या काळच्या मजकुरात ‘रिअर’ दिसले की डोळे झाकून ‘मागचे’ लिहू नये.

जर्मनमध्ये ‘मिटेलमोटर’ आणि ‘हेकमोटर’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. पोर्शेचा इतिहास पाहता त्या भाषेला ते लागणारच होते, कारण १९४८ ची पहिली पोर्शे ३५६ मिड-इंजिन होती आणि उत्पादनात आलेली ३५६ मात्र रिअर-इंजिन.

आपल्याकडे रिक्षाच्या गॅरेजांमध्ये ‘फ्रंट इंजिन’ आणि ‘रिअर इंजिन’ हे शब्द १९७७ मध्ये बजाजची मागे इंजिन असलेली रिक्षा आली तेव्हापासून रुळले आहेत. तेथे मिड-इंजिनचा प्रश्नच नसल्याने ‘रिअर’ म्हणजे नुसते ‘मागे’ हा अर्थ मराठी कानात पक्का बसला, आणि प्रश्नकर्त्यांची अडचण मुळात तेथून येते असे मला वाटते. ‘मागचे इंजिन’ म्हटल्यावर तर कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढताना रेल्वेगाडीला मागून लावलेले बँकर इंजिनच अनेकांच्या डोळ्यांपुढे येईल.

तिसरा प्रतिसाद

‘पार्श्व-इंजिन’ कृपया वापरू नये. ‘पार्श्वभूमी’ आणि ‘पार्श्वगायन’ या शब्दांमुळे ‘पार्श्व’ म्हणजे मागचे असा समज झाला आहे, परंतु त्या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी, कूस, बाजू असा आहे. योगासने करणाऱ्यांना हे सहज पटेल : पार्श्वकोनासनात शरीराची बाजू ताणली जाते आणि पश्चिमोत्तानासनात पाठीमागचा सगळा भाग. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की पाठीशी येते ती पश्चिम. ‘पृष्ठ’ हा शब्द ‘पृष्ठवंश’ यात पाठीचा अर्थ टिकवून आहे खरा, पण मराठीत ‘पृष्ठभाग’ म्हणजे वस्तूचा वरचा थर आणि ‘पृष्ठ’ म्हणजे पुस्तकाचे पान. ‘मध्यवर्ती’ म्हटले की कारागृह आणि बँक आठवते, शिवाय त्यात महत्त्वाचे असणे डोकावते. म्हणून शास्त्रीय लेखनात अग्र, मध्य आणि पश्च ही त्रयी मला सर्वांत निर्दोष वाटते.

तरीही पहिल्या उल्लेखाच्या वेळी साध्या मराठीत एक वाक्य खर्च करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ‘आस’ हा शब्द बैलगाडीमुळे आपल्याकडे आहेच (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आस म्हणजे ओढ), आणि भार आसाच्या पुढे की मागे हे जाणणारी भाषाही आहे. माझ्या आजोबांच्या गाडीत कडब्याच्या पेंढ्या रचताना मी लहानपणी मागच्या बाजूला भराभर पेंढ्या टाकत असे. ओझे आसाच्या मागे जास्त झाले की जू वर उचलले जाई, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळत आणि आजोबा ओरडत, “गाडी उलाळ झाली, चार पेंढ्या पुढे घे!” ९११ विषयी अभियंते जे आकड्यांत सांगतात, ते या ‘उलाळ’ शब्दात पूर्वीपासून आहे. तो पारिभाषिक शब्द म्हणून वापरावा असे मी म्हणत नाही, पण मागे भार असलेल्या गाडीचे पुढचे टोक हलके का वाटते, हे सांगताना तो आवर्जून वापरावा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यातील पहिला उल्लेख मी आता असा केला आहे : “९११ चे इंजिन मागच्या आसाच्या मागे आहे, केमनचे दोन आसांच्या मध्ये आहे, पहिलीला पश्च-इंजिन गाडी म्हणू आणि दुसरीला मध्य-इंजिन गाडी.” यानंतर संपूर्ण लेखात हेच दोन शब्द ठेवले आहेत आणि ‘मागे’ हा शब्द चालकाच्या संदर्भात येतो तेथे ‘चालकाच्या मागे’ असे पूर्ण लिहिले आहे. ‘उलाळ’ शब्दाला वळणाच्या परिच्छेदात जागा मिळाली आहे.

एक शंका मात्र शिल्लक आहे. चारचाकी, दुमजली, दुनळी यांच्या धर्तीवर ‘मध्यइंजिनी गाडी’ असे ई-कारान्त विशेषण केले, तर विभक्तीचा आणि जोडरेघेचा प्रश्न एकदमच सुटतो. ‘इंजिन’ हा शब्द मराठीत इतका मुरलेला असताना त्याला हा प्रत्यय लावण्यास कोणाची हरकत आहे का?