मदत हवी आहे: मंचुरियनचे गोळे तेलात फुटतात, शनिवारी भिशी आहे

येत्या शनिवारी भिशी माझ्याकडे आहे, अठरा जणी. मागच्या वेळी साबुदाणावडे झाले, त्याआधी दाबेली. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, की यंदा चायनीज स्टार्टर, ड्राय मंचुरियन. काल रंगीत तालीम केली आणि आता पोटात गोळा आलाय. कढईतला मात्र एकही धड राहिला नाही.

झालं असं: अर्धा किलो कोबी आणि दोन गाजरं किसणीवर किसली. मीठ, आलं-मिरची, मैदा, कॉर्नफ्लोअर घालून चार वाजता मळून ठेवलं, म्हटलं सहाला गरम गरम तळू. सहाला बघते तर परातीत पाणी! पहिला घाणा तेलात सोडला, तेल फसफसलं आणि गोळ्यांचा चिवडा झाला. मग मूठ मूठ मैदा घातला. दुसरा घाणा फुटला नाही, पण नवऱ्याने एक गोळा उचलून टेबलावर टाकून दाखवला. टक्क असा आवाज आला.

सॉसचीही गंमतच. काळाकुट्ट आणि खारट झाला, आणि पाच मिनिटांत गोळे गिळगिळीत.

शिवाय दोघींचा चातुर्मास आहे, कांदा-लसूण बंद. त्यांच्यासाठी काय करू? कृपया 'बाहेरून मागव' असं सांगू नका, ते नवऱ्याने सांगून झालंय.

झारा:
ताई, चूक मैद्याची नाही, चार ते सहा या दोन तासांची आहे. मिठाने कोबीला पाणी सुटतंच. ते आधीच काढून टाकायचं. कोबी किसू नका, सुरीने अगदी बारीक चिरा. किसल्यावर लगदा होतो. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि पंचाच्या फडक्यात घट्ट पिळा. अर्ध्या किलोला साधारण अर्धी वाटी मैदा आणि तेवढंच कॉर्नफ्लोअर. मैदा बांधून ठेवतो, कॉर्नफ्लोअरने कुरकुरीतपणा येतो, म्हणून नुसता मैदा वाढवला की दगड. मळायचं नाही, हाताने नुसतं सारखं करायचं आणि लगेच तळायचं. आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर चमचाभर कॉर्नफ्लोअर अजून.

आकार सुपारीहून जरासा मोठा. लिंबाएवढे केलेत तर आत कच्चे राहतात.

तळणी दोनदा. दुपारी मध्यम आचेवर फिक्कट तळून ताटात पसरून ठेवा. बायका आल्या की कडक तेलात दीड-दोन मिनिटं.

चातकपक्षी:
मंचुरियनला चायनीज म्हणणं म्हणजे... असो. चीनमध्ये हा पदार्थ मागितलात तर कोणाला कळायचं नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच फोडणी, गरम मसाल्याच्या जागी सोयासॉस. कोबीचे गोळे नंतरचे.

धागाकर्ती:
चातकपक्षी, माहिती छान आहे, पण माझी कढई तापलीय. सॉसचं कोणी सांगेल का?

ठाण्याची_सून:
सांगते. सोयासॉस किती घातलास? डार्क सोयासॉस असेल तर एवढ्याला एक मोठा चमचा पुष्कळ झाला. तो खारट असतोच, शिवाय गोळ्यांत मीठ आहे, त्यामुळे सॉसमध्ये वेगळं मीठ घालूच नकोस. कॉर्नफ्लोअर एक छोटा चमचा, अर्धी वाटी गार पाण्यात कालवून. गरम पाण्यात गुठळ्या होतात. सॉस चकचकीत झाला की गॅस बंद, मग व्हिनेगर, मग गोळे. परतून थेट बशीत. ड्राय मंचुरियन वाट बघत नाही, बायकांनी वाट बघायची. कोबीचं पिळलेलं पाणी फेकू नकोस, सॉसला तेच वापर. मात्र त्यात मीठ उतरलेलं असतं, तेव्हा आधी चाखून बघ.

चातुर्मासवाल्यांचा सॉस वेगळ्या कढईत आधी कर. आलं भरपूर, मिरची, ढोबळी मिरची आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या. बाटलीतल्या चिली सॉसमध्ये बहुतेकदा लसूण असतो, लेबल वाच. त्यापेक्षा सुक्या मिरच्या भिजवून वाटलेल्या बऱ्या. आणि पातीचा कांदा हाही कांदाच, सवयीने वर भुरभुरवशील!

धागाकर्ती:
आज पुन्हा केलं. फुटला नाही एकही! पिळल्यावर कोबीचं पाऊण भांडं पाणी निघालं, मी बघतच राहिले. अर्ध्या किलोचे अठ्ठावीस गोळे झाले, त्यातले चार टेबलावर टाकून बघणाऱ्यानेच लंपास केले. आता अठरा जणींना किती कोबी? आणि सकाळी चिरून ठेवला तर चालेल?

झारा:
माणशी सहा धरा, दोन किलो घ्या. चिरून फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. मीठ मात्र तळायच्या आधी अर्धा तास, त्याआधी नाही. आणि पिळायला टेबलवाल्यांना बसवा.