टीव्हीच्या पीसीला हातातला वायरलेस कीबोर्ड घेतलाय, पण अक्षरं गळतात

तिसरा_मजला_गिरगाव
नमस्कार मंडळी. आमच्याकडे हॉलमध्ये टीव्हीला एक छोटा पीसी जोडलाय, विंडोज 11, त्यावर कोडी (Kodi, पिक्चर-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर, बाकी काही नाही. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, वय 74, त्यांना यूट्यूबवर नाट्यसंगीत आणि कीर्तनं शोधून ऐकायची असतात, आणि आई रात्री जेवणं आटपली की हार्ड डिस्कवरचा एखादा पिक्चर लावते. आधी मोठा वायरलेस कीबोर्ड आणि माऊस होता पण वन रूम किचनमध्ये तो ठेवायचा कुठे, कधी दिवाणावर कधी फ्रिजवर, आणि माऊस फिरवायला मांडीवर वही घेऊन बसायचं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून तो तळहाताएवढा मिनी कीबोर्ड आणला, टचपॅडवाला, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी टाईप करायचा, 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल (पीसीच्या यूएसबीत खोचायचा, कीबोर्डचा सिग्नल पकडणारा तुकडा), 850 रुपये.

आता त्रास असा की नाट्यसंगीत लिहायला घेतलं की मधलंच एखादं अक्षर गायब, नाहीतर एकच अक्षर सात-आठ वेळा उमटतं, आणि कर्सर चालता चालता अडखळतो. दिवाणापासून टीव्ही मोजून 9 फूट आहे, चार्जिंग फुल आहे. दुकानात जाऊन बदलून आणला तर दुसऱ्याचंही तेच. दुकानदार म्हणतो पीसीत प्रॉब्लेम, पीसीवाला म्हणतो कीबोर्ड हलका. बाबांनी मात्र मनाशी धरलंय की माझा हात थरथरतो म्हणून होतंय, आणि गेले पंधरा दिवस ते कीबोर्डला हातच लावत नाहीत, मी ऑफिसमधून यायची वाट बघत बसतात. ते बघवत नाही. ब्लूटूथवाला घेऊ का? की दुसरं काही?

रेंजवाला
ब्लूटूथचं नंतर बघू, आधी दोन गोष्टी सांगा. डोंगल पीसीच्या कुठल्या पोर्टला लावलाय, पुढे की मागे, आणि त्या पोर्टच्या आतली पट्टी निळी आहे का? आणि ती हार्ड डिस्क कुठे लावलीय? अजून एक, अक्षर फक्त सुरुवातीचं जातं की मधलं पण?

तिसरा_मजला_गिरगाव
डोंगल मागे, हो निळ्या पोर्टला. हार्ड डिस्क त्याच्याच शेजारच्या पोर्टला, ती पण निळ्या. पीसी शोकेसच्या खालच्या कप्प्यात आहे, मागची बाजू भिंतीकडे. अक्षर मधलं जातं, कधीही. आणि तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, दुपारी बाबा नुसतं यूट्यूब लावतात तेव्हा एवढा त्रास नसतो, रात्री आईचा पिक्चर चालू असताना आवाज कमी करायला गेलं की हमखास.

रेंजवाला
मग सापडलं बहुतेक. निळी पट्टी म्हणजे यूएसबी 3, काळी म्हणजे सहसा जुनं यूएसबी 2. यूएसबी 3 ची केबल किंवा पोर्ट डेटा नेत असताना जो रेडिओ गोंगाट बाहेर टाकतं तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरलेला असतो, म्हणजे तुमचा डोंगल ज्या पट्ट्यात कान लावून बसलाय तिथेच. इंटेलने 2012 साली यावर वेगळा पेपरच काढला होता, हे काही तुमच्या एकट्याच्या पीसीचं दुखणं नाही. डिस्कवरून पिक्चर चालू असला की डेटा सतत वाहतो म्हणून रात्री जास्त आणि यूट्यूबला डिस्क गप्प असते म्हणून दुपारी कमी. बाजारात मासळीवालीच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं आहे ते, समोरचा कितीही नीट बोलला तरी अर्धं ऐकूच येत नाही.

आणि एकच अक्षर सात-आठ वेळा का उमटतं तेही त्यातच आलं. बटण दाबलं की एक सिग्नल जातो, सोडलं की दुसरा. दाबल्याचा हरवला तर अक्षर गायब. सोडल्याचा हरवला तर पीसीला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, मग तो तेच अक्षर छापत राहतो. बाबांना हे नक्की सांगा. हात थरथरला तर सहसा शेजारचं बटण दाबलं जाईल, दुसरंच अक्षर येईल. गळणं आणि साखळी लागणं हा रेडिओचा दोष आहे, हाताचा नाही.

करायचं काय तर 1 मीटरची साधी यूएसबी 2 एक्स्टेंशन केबल आणा, एक टोक काळ्या पोर्टला, हार्ड डिस्कपासून जितका लांबचा मिळेल तितका बरा, दुसऱ्या टोकाला डोंगल, आणि तो डोंगल टीव्हीच्या खालच्या कडेला पुढच्या बाजूला चिकटवा, दिवाणावरून डोळ्यांना दिसेल असा. टीव्हीच्या मागे ठेवू नका, आत पत्रा असतो, सिग्नल अडतो. नवीन कीबोर्ड अजिबात घेऊ नका आत्ता.

(सुरुवातीचंच अक्षर जात असतं तर गोष्ट वेगळी होती. हे मिनी कीबोर्ड काही मिनिटं हात लागला नाही की झोपतात आणि पहिलं बटण त्यांना उठवण्यातच जातं. त्याला इलाज एकच, आधी एखादं फुकटचं बटण दाबायचं मग टाईप करायचं.)

चाळीतलं_वायफाय
रेंजवाला दादांशी सहमत, त्यात एक भर. गिरगावात भिंतीला भिंत लागून घरं, फोनवर वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात, त्यातली बरीच मंडळी पण 2.4 वरच. पीसीचं वायफाय 5 गिगाहर्ट्झवर टाका, जमलं तर लॅनची वायरच ओढा. आमच्याकडे राऊटर टीव्हीच्या बाजूलाच ठेवलेला, तो तिथून हलवून दरवाज्यावर टांगला तेव्हा माझा एअर माऊस (हवेत हलवून चालवायचा) सरळ चालायला लागला.

आणि ब्लूटूथ पण 2.4 वरच चालतं बरं का, ते सारखं चॅनल बदलत राहतं आणि गर्दीचे चॅनल टाळतं म्हणून थोडं टिकाव धरतं एवढंच. पण त्याची गोची म्हणजे पीसी सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जायचं असेल तर बहुतेक पीसींवर ब्लूटूथ कीबोर्ड तिथे चालतच नाही. डोंगलवाल्याला पीसी साधा यूएसबी कीबोर्ड समजतो त्यामुळे तो पहिल्या सेकंदापासून चालतो. टीव्हीच्या पीसीला डोंगलच बरा.

ठाकुरद्वारची_लेक
दादा, तांत्रिक भाग वरच्यांनी सांगितलाच, मी बाबांबद्दल सांगते कारण माझ्या सासऱ्यांबरोबर मी हेच केलंय, ते 79 वर्षांचे आहेत.

त्या एवढ्याशा पाटीवर सत्तरेक बटणं असतात आणि म्हाताऱ्या माणसाला सगळी सारखीच दिसतात, म्हणून ती शिकवायला जाऊच नका. चार शिकवा. स्पेस दाबलं की थांबतं आणि परत चालू होतं, कोडीत पण आणि यूट्यूबवर पण. बॅकस्पेस म्हणजे कोडीत मागे. यूट्यूबवर जे आणि एल, दहा सेकंद मागे आणि दहा सेकंद पुढे, तान परत ऐकायची असली की सासरे नुसतं जे जे जे दाबतात. आणि पाचवं जमलं तर तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, यूट्यूबच्या पानावर ती दाबली की कर्सर थेट सर्चच्या चौकटीत जातो, टचपॅडवर बोट घासत शोधत बसावं लागत नाही. मी या बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत आणि स्पेसवर दोन थर चढवलेत म्हणजे अंधारात अंगठ्याला उंचवटा लागतो.

टाईप मराठीतच करू द्या त्यांना. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप केला की मराठी उमटतं) 2019 पासून आतच आहे, सेटिंगमध्ये भाषा जोडायची आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की मराठी. माझे सासरे इनस्क्रिप्टवाले (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण असलेला सरकारी कीबोर्ड), पूर्वी ऑफिसात त्यावरच काम केलेलं, तर त्यात ख, घ, छ सगळ्याला शिफ्ट धरावा लागतो आणि दोन अंगठ्यांत कीबोर्ड धरलेला असताना शिफ्ट धरायला तिसरा हात आणायचा कुठून. त्यावर स्टिकी कीज चालू करा, शिफ्ट पाच वेळा दाबलं की विंडोज स्वतःच विचारतं, हो म्हणा. मग शिफ्ट दाबून सोडायचा आणि नंतर सावकाश अक्षर दाबायचं. हे केल्यापासून ते मला हाक मारत नाहीत.

जुना_पायवाला
माझ्याकडे पीसी नाही, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्यावर लिब्रेइलेक, म्हणजे फक्त कोडी चालवणारी सिस्टीम, आणि आईबाबा कीबोर्डला हातच लावत नाहीत, टीव्हीच्या रिमोटनेच कोडी चालवतात. एचडीएमआय केबलमधूनच रिमोटची बटणं पायला पोचतात, त्याला सीईसी म्हणतात, टीव्हीच्या सेटिंगमध्ये कंपनीगणिक नाव वेगळं, सॅमसंगला एनीनेट प्लस, एलजीला सिंपलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. साध्या पीसीच्या ग्राफिक्सला बहुतेक वेळा हे नसतं, तिथे पल्स-एट कंपनीचं वेगळं अडॅप्टर लावावं लागतं, म्हणून तुम्हाला लगेच उपयोग नाही. पण पुढे कधी पीसी बदलायचा झाला तर डोक्यात असू द्या. आईसाठी मात्र आज होण्यासारखं म्हणजे तिच्या फोनवर कोडीचं स्वतःचं कोरे ॲप टाका, वायफायवरून चालतं, कोडीत सर्व्हिसेसच्या सेटिंगमध्ये रिमोट कंट्रोलला परवानगी द्यायची. डोंगलचा काही संबंधच नाही.

रेंजवाला
अजून एक सांगायचं राहिलं, बँकेचं काही त्या मिनी कीबोर्डवरून टाईप करू नका. 2016 मध्ये बॅस्टिल नावाच्या सिक्युरिटी कंपनीने दाखवून दिलं होतं की आठ कंपन्यांचे स्वस्त वायरलेस कीबोर्ड टाईप केलेलं अक्षर न अक्षर उघडंच हवेत सोडतात आणि ते सुमारे 75 मीटरवरून पकडता येतं. 75 मीटर म्हणजे तुमची चाळ आणि समोरची चाळ दोन्ही आल्या त्यात. गाणी शोधायला काही हरकत नाही, पण पासवर्ड आणि ओटीपी फोनवरच.

तिसरा_मजला_गिरगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी केबल आणली, 120 रुपये. आधी मुद्दाम जुन्या जागीच डोंगल ठेवून, डिस्कवरचा पिक्चर लावून नाट्यसंगीत दहा वेळा टाईप केलं, सहा वेळा चुकलं. मग हार्ड डिस्क ओढून काढली आणि परत दहा वेळा, एकदाच चुकलं. बाबा बाजूला बसून कागदावर रेघा मारत होते. मग डिस्क परत लावली, डोंगल केबलने पुढे आणला, टीव्हीच्या खाली डबल टेपने चिकटवला, पिक्चर चालू, दहापैकी दहा बरोबर. नंतर बाबांनी स्वतः हातात घेतला आणि हळूहळू पूर्ण शब्द लिहिला, नीट आला. काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि परत लिहिला.

ताई, स्टिकी कीज लाखमोलाचं निघालं, आणि ठिपके आईने दिले.

एकच नवीन भानगड. रात्री आम्ही हॉलमध्येच गाद्या घालतो, कीबोर्ड उशाशी राहिला की टचपॅडला कोणाचा तरी हात लागतो आणि झोपवलेला पीसी उठतो, दोन वाजता टीव्हीभर उजेड. पीसी पूर्ण बंद करायचा नाहीये, बाबांना पहाटे स्पेस दाबून लगेच भक्तिगीतं लावायची असतात.

चाळीतलं_वायफाय
सोपं आहे. तो एकच डोंगल विंडोजला दोन वस्तू म्हणून दिसतो, एक कीबोर्ड आणि एक माऊस. डिव्हाइस मॅनेजर उघडा, माऊसच्या यादीत तो शोधा, प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर पीसीला जागं करायची परवानगी असते ती टिक काढा. कीबोर्डची टिक तशीच ठेवा. मग टचपॅडवर कोणी लोळलं तरी पीसी झोपलेला राहील आणि पहाटे स्पेसने उठेल. यादीत दोन-तीन माऊस दिसले तर सगळ्यांची काढा.

तिसरा_मजला_गिरगाव
झालं. दोनच होते, दोन्हींची काढली. पहाटे साडेपाचला मी जागा नव्हतो, पण आई सांगते बाबांनी स्वतः लावलं, आवाज जरा मोठा होता एवढंच.