एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं: हुशारी की खोडी?

घाटमाथा
आईला पित्ताची कॅप्सूल गिळवेना, म्हणून काल स्टीलच्या ताटलीत उघडली. आत दोन रंगांचे, मोहरीहून बारीक दाणे. आई म्हणाली, "खलबत्त्यात कूट आणि मधातून दे." नशीब, आधी वाचलं! एका रंगाचे दाणे पॅन्टोप्राझोलचे, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाचे. ते जठरातल्या आम्लात नासतं, म्हणून त्याचं आवरण पीएच ५.५च्या वर, म्हणजे लहान आतड्यात गेल्यावरच विरघळतं. दुसरे डॉमपेरिडोनचे, म्हणजे मळमळीवरच्या औषधाचे, ते सावकाश पाझरतात. कुटलं असतं तर दोन्हींचा बट्ट्याबोळ. मला तर ही रचना फार आवडली.

कोटिंगवाला
बारा वर्षं हेच करतोय. साखरेच्या दाण्यावर औषध, त्यावर एचपीएमसी या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा पातळ थर, मग आम्लाला दाद न देणारा थर. मधला थर हलक्या हाताने दिला की बाहेरच्या थराच्याच आम्लतेने दाणे तपकिरी पडतात आणि अख्खी बॅच वाया.

पण ही जोडी मला पटत नाही. डॉमपेरिडोनला विरघळायला आम्ल लागतं. दिवसभर पुरवायचं तर ते आतड्यातही सुटायला हवं, आणि तिथे ते नीट विरघळत नाही. मग दाण्यातच टार्टारिक आम्लासारखं काहीतरी घाला. आणि सोबती कोण, तर पोटातलं आम्ल कमी करणारा!

घाटमाथा
मग दोन गोळ्या द्यायच्या? आई एक घेते, दुसरी उशीखाली सापडते. क्षयरोगाची औषधं नाही का एकाच गोळीत देत?

ओपीडीतून
क्षयरोगाचं उदाहरण तुमच्यावरच उलटेल. आम्लात आयसोनियाझिडच्या संगतीने रिफाम्पिसिन लवकर नासतं, तिथे असे वेगवेगळे दाणे खरंच कामाचे. शिवाय ती औषधं ठरलेले महिने बरोबरीनेच घ्यायची असतात. इथे तसं नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डॉमपेरिडोनवर मर्यादा घातली: १० मिग्रॅ, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, तेही सहसा आठवडाभरच. आपल्याकडे कॅप्सूलमध्ये सर्रास ३० मिग्रॅ, आणि लोक 'गॅसची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं घेतात. एक थांबवून दुसरं चालू ठेवायची सोयच नाही.

नाकासमोर
हा दोष दाण्यांचा की चिठ्ठीचा? छातीत जळजळ आणि मळमळ दोन्ही असलेल्या माणसाला पाच दिवस हीच कॅप्सूल दिली तर बिघडलं कुठे?

ओपीडीतून
पाच दिवस घेतली तर काहीच नाही. पाच दिवसांनी थांबणारा पेशंट दाखवा.

घाटमाथा
आईची दोन वर्षं चालू आहे. चिठ्ठी पाच दिवसांचीच होती, आत्ताच काढून बघितली. उद्या तिला डॉक्टरांकडे नेतो.

कोटिंगवाला
न्याच. आणि खलबत्ता लपवून ठेवा.

घाटमाथा
ठेवला. पण दाण्यांची कारागिरी भारीच आहे, ते मी मागे घेत नाही.