हाडाच्या सुईनं आई पडली का? पुढची सुई द्यावी का नाही?

निलंगेकर७८
आई ६८ वर्षांची, गावाकडंच असती. मणका दबला म्हणून चार महिन्यांखाली झोलेड्रोनिक ॲसिडची सुई दिली, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदाच असती ती सलाईनमधून. गेल्या सोमवारी पहाटं न्हाणीत ओल्या शहाबादीवर घसरली अन् डोकं हौदाच्या कडेला आदळलं. सीटी नॉर्मल, डॉक्टर म्हणले कन्कशन हाय, मेंदूला हादरा बसलाय. पण आता तेच तेच इचारायलीय, उजेड सहन होईना तिला. धाकटा कुठंतरी वाचून म्हणायलाय सुईमुळंच चक्कर आली, पुढची सुई बंद करा. काय करावं कळंना.

फिजिओ_बीड
सुईनंतर ताप, अंगदुखी, चक्कर येते, पण ती बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. चार महिन्यांनी पडल्या त्याचा दोष लगेच सुईवर टाकू नका. २००७ साली ७,७६५ बायकांवरचा तीन वर्षांचा अभ्यास छापून आला, त्यात या औषधानं मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्के अन् खुब्याचे ४१ टक्के कमी झाले, म्हणून मणका दबलेल्या माणसाची सुई ऐकीव गोष्टीवर बंद करू नये असं मला मनापासून वाटतं. पण ही सुई हाड सांभाळती, पडणं थांबवत नाही! आणि हादऱ्यात मेंदूच्या पेशींचं काम बिघडतं, ते सीटीत दिसत नाही, म्हणून नॉर्मल आला तरी त्रास खरा असतो.

परभणीची_सून
दादा, सीटी नॉर्मल म्हणून निवांत राहू नका. आमच्या सासूबाईंचा पण नॉर्मलच होता, रक्त पातळ करायची गोळी चालू होती, अन् तीन आठवड्यांनी चहाचा कप हातातून सुटायला लागला, डावा पाय ओढत चालायल्या. डोक्यात हळूहळू रक्त साचलं होतं. डोकेदुखी वाढली, सारख्या उलट्या झाल्या, गुंगी आली तर रात्र असली तरी निघा. आईला तसली गोळी चालू हाय का?

फिजिओ_बीड
आणि झोपेची, बीपीची? बीपी आडवं झोपवून अन् मग उभं करून, दोन्ही बघा.

निलंगेकर७८
रक्त पातळ करायची नाही. बीपीच्या दोन हायत, झोपेची रोज रात्री. आत्ता शेजारच्या सिस्टरताईनं मोजलं, झोपून वरचं १४२, उभं केल्यावर १०८, अन् आई म्हणली "डोळ्यापुढं अंधारी आली रे". उद्या लातूरला नेतोय, गोळ्यांची सगळी पिशवी संगं घेतलीय.