ताब्यातल्या लंडनचा पोलीस: आर्चर दोषी आहे का?

मुक्ता: लेन डेटन यांची १९७८ची 'एसएस-जीबी' ही कादंबरी काल संपवली. तिच्यात दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं ब्रिटन जिंकलंय, राजा टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद आहे. नोव्हेंबर १९४१मध्ये स्कॉटलंड यार्डचा डग्लस आर्चर एका खुनाचा तपास करतोय, एसएस या नाझी दलाच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. बायको युद्धात मारली गेलेली, पदरी लहान मुलगा. मी त्याला देशद्रोही म्हणणार नाही. राज्य कोणाचंही असो, खुनी पकडायलाच हवा ना?

विहंग: अजिबात पटलं नाही. आर्चर खुनी पकडतो म्हणूनच लोकांना वाटत राहतं की कायदा अजून जागेवर आहे, आणि एसएसला नेमकं तेच हवं असतं. यासाठी कादंबरीही लागत नाही. इंग्लिश खाडीतलं ब्रिटिश गर्न्सी बेट ३० जून १९४० ते ९ मे १९४५ खरोखर जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथल्या ज्यूंची नोंदणी स्थानिक प्रशासनानंच केली. टेरेझा स्टायनर नावाची ऑस्ट्रियन नर्स होती. तिला बेट सोडायचा जर्मन हुकूम सांगितला तो गर्न्सीच्याच पोलीस सार्जंटनं, आपल्या ऑफिसात बोलावून. तिला तिथंच रडू कोसळलं. मी तुम्हाला पुन्हा दिसणार नाही, म्हणाली. एप्रिल १९४२मध्ये तिला आणि आणखी दोघींना फ्रान्सला नेलं. तिघीही ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेल्या. सार्जंटनं फक्त निरोप दिला होता.

मुक्ता: हे वाचून गलबलून आलं. तरी निरोप देणं आणि खुनाचा तपास करणं एका मापानं कसं मोजायचं?

शाल्मली: विहंग, कादंबरी लागत नाही हे मला मान्य नाही. सार्जंटची हकीकत वाचताना आपण आपोआप टेरेझाच्या बाजूला उभे राहतो. आर्चरच्या बाबतीत माझं उलट झालं. धागेदोरे जुळायला लागले तशी मी त्याला मनातून घाई करत होते: हे वरिष्ठांना सांग, तपास पुढे जाऊ दे. वरिष्ठ म्हणजे एसएस, हे बऱ्याच पानांनी ध्यानात आलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. इतिहासाच्या पुस्तकानं मला कधी असं पकडलं नव्हतं.

विहंग: तुम्ही पुस्तक मिटलंत. पण किती वाचक तिथं थांबत असतील? अणुबॉम्बचं रहस्य सुरू झालं की पुढं काय होतं एवढंच उरतं. थ्रिलरचा वेगच असा, की थांबून लाज वाटायला जागा मिळत नाही.

मुक्ता: मी थांबले नव्हते. सलग वाचली. आज पहिलं प्रकरण पुन्हा काढलंय, आर्चर कोणाकोणाला 'सर' म्हणतो तेवढंच बघायला.